विकत घेतलेलें गाणें आणि त्याची दुसरी प्रत

हल्लींच्या छत्तीसगडांतील कुरूद येथें नरेंद्र नांवाच्या शरभपुरीय राजाचा एक ताम्रपट सांपडलेला आहे. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी : एका ब्राह्मणास केशवक नांवाचें गांव पूर्वीं ताडपत्रावर शासन लिहून देण्यांत आलें होतें. पुढें घरास आग लागून तें ताडपत्र जळालें. गांवाचा भोग मात्र अखंड चालू होता, ही गोष्ट चौकशीनें ठरल्यावर राजानें त्या ब्राह्मणाच्या मुलास तेंच दान तांब्याच्या पत्र्यांवर नव्यानें लिहून दिलें. कामरूपचा राजा भास्करवर्मा याचे सातव्या शतकांतील निधनपूर येथील पत्रेही याच जातीचे आहेत. त्याचा पूर्वज भूतिवर्मा यानें दिलेले मूळ पत्रे जळाले, म्हणून ते पुनः करून देण्यांत आले. लेख नष्ट झाला तरी हक्क नष्ट होत नाहीं, आणि मूळ देणाऱ्याच्या वंशानें तो लेख पुनः द्यावा, हा न्याय आपल्याकडे किती जुना आहे, हें या दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

या शासनांची आठवण आम्हांस एका अगदीं निराळ्या निमित्तानें झाली. आमच्या भिवंडीच्या घरांत एका पावसाळ्यांत पाणी शिरलें आणि टेबलाच्या खालच्या खणांत ठेवलेली हार्ड डिस्क निकामी झाली. तींत जुनीं नाट्यपदें व बैठकीचें गायन मिळून ५३ गाणीं होतीं. तीं सर्व आम्हीं इंटरनेटवरील एका दुकानांतून एकेका गाण्याचे पैसे मोजून घेतलीं होतीं. पावत्या ईमेलमध्यें जशाच्या तशा होत्या. त्या घेऊन गाणीं पुनः डाउनलोड करावयास गेलों, तों दुकानच उठून गेलेलें ! कुरूदच्या ब्राह्मणाप्रमाणें आमचा लेख गेला होता, आणि आमचा हक्क सिद्ध करण्यास पुरावाही होता. नवा पट करून देणारा राजा मात्र उरला नव्हता. विकत घेतलेल्या गाण्याची नष्ट प्रत पुनः मिळण्याचा हक्क कशाच्या आधारावर उभा असतो, आणि तो आधार किती काळ टिकतो, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम आपल्या जुन्या दफ्तरांची पद्धत पाहूं. मराठी इनामपत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस पत्राच्या अखेरीस येणारें एक वाक्य चांगलें परिचित आहे. या पत्राची प्रति लेहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणें, असा हुकूम देशमुख, देशपांडे, मोकदम इत्यादिकांस केलेला असतो. हें वाक्य इतक्या पत्रांत येतें कीं तें वाचतांना आपण पुढें सरकतों. परंतु सर्व व्यवस्थेचें मर्म त्यांतच आहे. अस्सल धन्याजवळ राही. एक नक्कल परगण्याच्या दफ्तरीं, एक गांवीं, आणि हुजूर दफ्तरांत नोंद निराळी. धामधुमींत वतनदाराचें घर लुटलें गेलें, तर तो या नकलांच्या व गोताच्या साक्षीच्या बळावर नवी सनद मागे. महजर होई, दफ्तर पाहिलें जाई, आणि नवा कागद हातीं येई. सरकार जाऊन दुसरें सरकार आलें तरीही हा क्रम मोडत नसे; कारण नकला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घरांत पडलेल्या असत. पुनर्दानाचा हक्क राजाच्या औदार्यावर जेवढा अवलंबून होता, त्याहून अधिक तो या विखुरलेल्या नकलांवर अवलंबून होता, असें आमचें मत आहे.

गाण्याच्या बाबतींत अशी वांटणी तबकडीनें आपोआप घडविली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास हिंदुस्थानांतील गायकांचें ध्वनिमुद्रण केलें. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघेपर्यंत येथील गाणीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें तबकड्यांवर छापून परत येत. लाखेच्या तबकडीस पुनर्दानाचा हक्क मुळींच नव्हता. ती हातांतून पडून फुटली कीं पैसे गेले. तथापि तिची एकेक प्रत एकेका घरांत स्वतंत्र नांदत असे. ती वाजविण्यास कंपनीची परवानगी लागत नसे, आणि कंपनी बुडाली तरी तबकडी मुकी होत नसे. म्हणूनच आज शंभर वर्षांनंतर जुन्या बाजारांतून, माळ्यांवरून व रद्दींतून त्या प्रती वर येतात. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळीनें केलेलें संग्राहकांचें कार्य याच विखुरलेल्या प्रतींच्या आधारावर उभें राहिलें.

आतां डाउनलोडची गोष्ट. ॲपल कंपनीचें आयट्यून्स हें गाण्यांचें दुकान अमेरिकेंत २८ एप्रिल २००३ रोजीं उघडलें आणि हिंदुस्थानांत डिसेंबर २०१२ मध्यें आलें. आरंभीं तेथील नियम तबकडीसारखाच होता : विकत घेतलेलें गाणें एकदां उतरवून घ्यावें व त्याची राखण ग्राहकानें स्वतः करावी. जून २०११ पासून अमेरिकेंत, व पुढें इतरत्र, पूर्वीं घेतलेलें गाणें पुनः उतरवून घेण्याची सोय झाली. ही सोय उपयोगाची खरीच. परंतु तिनें ग्राहकाच्या मनांत एक समजूत रुजविली. आपलें गाणें दुकानांत सुरक्षित आहे, तेव्हां आपणांस प्रत करण्याचें कारण नाहीं, असें त्यास वाटूं लागलें. ज्या दिवशीं हें वाटूं लागलें त्या दिवशीं नकलांचीं निरनिराळीं घरें मिटलीं, आणि अस्सल व नक्कल दोन्हीं एकाच धन्याच्या कोठारांत जाऊन पडलीं.

तें कोठार किती टिकतें याचें आपल्याच देशांतील उदाहरण घ्यावें. फ्लिपकार्ट कंपनीनें फेब्रुवारी २०१२ मध्यें फ्लाइट या नांवानें गाण्यांचें दुकान काढलें. तेथील एमपी३ फाइलींस कुलूप नव्हतें, हा त्याचा मोठाच गुण. परंतु गाणीं फुकट मिळण्याची चट आणि अगदीं लहान रकमा भरण्याची अडचण यांमुळें धंदा वाढेना, आणि १७ जून २०१३ रोजीं विक्री बंद झाली. घेतलेलीं गाणीं उतरवून घेण्यास ग्राहकांस कांहीं आठवड्यांची मुदत देण्यांत आली. म्हणजे दुकानाचें आयुष्य दीड वर्षाहूनही कमी. गूगल प्ले म्युझिक हें दुकान डिसेंबर २०२० पर्यंत मिटलें आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर त्यांतील ग्राहकांचे संग्रह पुसले जातील, असें जाहीर झालें. ज्यांनीं मुदतींत आपल्या फाइली उतरविल्या त्यांचीं गाणीं राहिलीं. कुलूपबंद गाण्यांची स्थिति याहून वाईट. याहूच्या गाण्यांच्या दुकानानें ३० सप्टेंबर २००८ पासून किल्ल्या देण्याचें बंद करण्याचें ठरविलें. फाइल ग्राहकाच्या संगणकांत तशीच राही, परंतु तिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीस असल्यामुळें नव्या संगणकावर ती उघडण्याचा मार्ग उरत नव्हता.

येथें आमच्या गांवाचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. शिवाजी महाराजांनीं ऑक्टोबर १६५७ मध्यें कल्याणबरोबर भिवंडी घेतली, तेव्हांपासून हें खाडीकांठचें व्यापारी ठाणें मराठी इतिहासांत आहे. आज माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या बाजूंस जी अफाट वखार उभी आहे तींत इंटरनेटवर विकला जाणारा मुंबईकडचा माल येऊन पडतो. फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांच्या वखारीही येथेंच आहेत. एकाच विक्रेत्याकडून एखाद्यानें पुस्तक घेतलें व गाणें घेतलें असें समजा. पुस्तक भिवंडीच्या वखारींतून निघून त्याच्या घरीं आलें. विक्रेत्यानें पुढें पुस्तकांचा धंदा सोडला तरी तें त्याच्या फडताळांतून कोणी परत नेणार नाहीं. गाणें मात्र त्यानें स्वतः उतरवून ठेविलें नाहीं, तर तें वखारींतून निघालेंच नाहीं. त्यानें पैसे दिले, पावती घेतली, आणि माल धन्याकडेच ठेविला. व्यवहाराचें हें रूप ध्यानांत घेतलें म्हणजे दुकान मोडल्यावर माल गेला याचें आश्चर्य वाटण्याचें कारण राहत नाहीं.

एकाच ठिकाणीं असलेल्या लेखाचें भवितव्य काय, हेंही आमच्या तालुक्यांत पाहावयास सांपडतें. लोनाड येथील शिलाहार अपरादित्याचा शके ११०६ चा व त्याच परिसरांतील चौधरपाडा येथील केशिदेवाचा शके ११६१ चा, असे दोन शिलालेख प्रसिद्ध आहेत. आचंद्रार्क टिकावे म्हणून ते दगडावर कोरले गेले. परंतु ऊनपाऊस दगडाचें अक्षर झिजवितो. अभ्यासकाच्या हातीं आज जें येतें तें बहुतांशीं ठसे व छापील वाचन यांच्या द्वारें. महामहोपाध्याय मिराशी यांनीं शिलाहारांचे लेख १९७७ सालीं एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हां दगडाचें आयुष्य संपलें तरी लेखाचें संपणार नाहीं अशी व्यवस्था झाली. दगडाहून चिवट वस्तु सांपडणें कठीण. तिलाही दुसऱ्या प्रतीची गरज लागते. मग हार्ड डिस्कची काय कथा !

दूर पडलेली प्रत कशी उपयोगी पडते याचें अलीकडचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. मायस्पेस या अमेरिकन संस्थेच्या कोठारांत गायकांनीं स्वतः चढविलेलीं गाणीं असत. मार्च २०१९ मध्यें असें उघड झालें कीं यंत्रें बदलतांना २०१५ पर्यंतचें सर्व संगीत नष्ट झालें. तीं गाणीं सुमारें पांच कोटि असावींत असा अंदाज सांगण्यांत आला. थोड्याच दिवसांनीं इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहालयाकडे त्यांपैकीं सुमारें ४ लाख ९० हजार गाणीं आलीं. तीं कोणाजवळ होतीं ? संगीताचा अभ्यास करणाऱ्या कांहीं विद्वानांनीं २००८ ते २०१० च्या दरम्यान आपल्या कामासाठीं उतरवून ठेविलीं होतीं. धन्याच्या दफ्तरांत कांहीं राहिलें नाहीं, आणि अभ्यासकाच्या बस्त्यांत राहिलें. पोथ्या धुंडाळणाऱ्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं.

आमच्या ५३ गाण्यांचा शोधही याच रीतीनें लागला. घरांतील एक जुना मोबाइल, ज्याची कांच फुटल्यामुळें तो कपाटांत टाकला होता, त्यांत ३८ गाणीं निघालीं. तीं कोणीं केव्हां उतरविलीं हें घरांत कोणासच आठवेना. उरलेल्या १५ पैकीं ११ गाणीं दुसऱ्या दुकानांत त्याच नांवानें मिळालीं व तीं आम्हीं पुनः पैसे देऊन घेतलीं. परंतु ऐकून पाहतां त्यांतील तीन निराळीं निघालीं. पद तेंच, गायक तोच. पण ध्वनिमुद्रण दुसऱ्या वेळचें, साथ वेगळी, आणि एका पदांत तर शेवटची आलापीच नाहीं. सूचींत दोघांचें नांव एकच असल्यामुळें डोळ्यांस भेद दिसत नाहीं. तो कानासच कळतो. यास पाठभेद म्हणावयाचें, आणि पुनः मिळालेली प्रत पूर्वींचीच आहे असें गृहीत धरूं नये, हा धडा घ्यावयाचा. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी एकनाथ महाराजांस शके १५०६ मध्यें अनेक प्रती ताडून शुद्ध करावी लागली. तीन शतकांत जें पोथींत घडलें तें दुकानाच्या सूचींत कांहीं वर्षांत घडतें. असो. ३८ व ८ मिळून ४६ गाणीं खऱ्या अर्थानें परत आलीं. सात आलीं नाहींत.

यावर कोणी असें म्हणेल कीं हल्लीं दरमहा थोडे पैसे भरले असतां लाखों गाणीं ऐकावयास मिळतात. मग विकत घेण्याचा व जपण्याचा खटाटोप कशास? याचें उत्तर असें कीं ऐकणें आणि बाळगणें हे दोन व्यवहार निराळे आहेत. दुसऱ्याच्या वाड्यांत पोथी वाचावयास मिळते म्हणून कोणी आपला संग्रह मोडीत काढीत नाहीं. कारण वाड्याचा दरवाजा कधीं बंद होईल हें वाचणाऱ्याच्या हातीं नसतें. अशा सेवेंतून एखाद्या जुन्या गायकाचें गाणें करार संपतांच नाहींसें होतें, आणि ऐकणाऱ्यास त्याची वर्दीही मिळत नाहीं. लोकप्रिय गाणें परत येतें. ज्यास महिन्यांतून दहा श्रोते असतात तें परत येईलच असें नाहीं. आणि आमच्या वाचकांस ज्यांत गोडी आहे तें संगीत बहुधा या दुसऱ्या वर्गांतलें.

स्वतःपुरती प्रत करणें कायद्यास मानवतें काय, अशी शंका कित्येक सज्जन विचारतात. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमांत खासगी व वैयक्तिक उपयोगासाठीं, संशोधनासुद्धां, केलेल्या न्याय्य वापरास मोकळीक आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें अशा हेतूनें विद्युत् माध्यमांत कृति सांठविणें हेंही त्या मोकळिकींत बसविलें आहे. नक्कल करून ती विकणें किंवा गांवभर वांटणें यास अर्थातच ती लागू नाहीं. शिवाय ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनीं संपतो. तेव्हां स्वातंत्र्यपूर्व काळच्या तबकड्यांचीं ध्वनिमुद्रणें आतां त्या बंधनांतून मोकळीं झालीं आहेत. घेतलेल्या गाण्याची आपल्याच घरीं दुसरी प्रत ठेवणारा गृहस्थ चोर नव्हे. तो जुन्या देशपांड्याप्रमाणें प्रति लेहून घेत आहे.

आतां प्रतीच्या शुद्धतेविषयीं. आपले लेखक पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या लिहीत, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून एकंदर अक्षरांचें माप देत. लेखनाचें मोल त्यावरून ठरे, आणि एखादें पान गळालें असल्यास तेंही उघड होई. वेदाच्या बाबतींत ही दक्षता पराकोटीस गेली होती. शौनकाच्या नांवावर चालणाऱ्या अनुक्रमणींत ऋग्वेदाच्या ऋचा १०,५८० व वर एक पाद, पदें १,५३,८२६ आणि अक्षरें ४,३२,००० अशी गणना परंपरेनें सांगितली जाते. आजच्या फाइलीसही अशी ग्रंथसंख्या काढतां येते. शा-२५६ नांवाच्या गणितानें कोणत्याही फाइलीचा ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो. फाइलींत एक बिंदु जरी बदलला तरी ठसा सर्वस्वीं पालटतो. दोन प्रतींचे ठसे जुळले म्हणजे प्रती तंतोतंत एक आहेत असें मानावयास हरकत नाहीं. मात्र फाइलीच्या पोटांतील गायकाचें नांव दुरुस्त केलें तरीही ठसा बदलतो. म्हणून नांवें आधीं नीट करावींत व ठसा मागाहून काढावा. हातानें केलेल्या नकलेंत दर पिढीस प्रमाद वाढतात; फाइलीची सरळ नक्कल कितीही वेळां केली तरी ती झिजत नाहीं. परंतु एमपी३ मोडून पुनः दुसऱ्या संकोचित रूपांत लिहिली कीं तीही झिजते. यासाठीं आहे त्या रूपांतच नक्कल करावी.

या सर्व विवेचनावरून संग्राहकांनीं पाळावयाचे नियम असे निघतात. गाणें घेतल्या दिवशींच उतरवून घ्यावें. पुनः उतरविण्याची सोय ही दुकानदाराची मेहेरबानी समजावी. कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर तीच घ्यावी. प्रती तीन असाव्यात, त्या दोन जातींच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं असावी. कामवारीचें पाणी एका भिवंडीच्या दोन्ही घरांत एकाच दिवशीं येऊं शकतें, हें आम्हीं अनुभवानें जाणतों. प्रत्येक गाण्याची याद कागदावर ठेवावी : पद, गायक, मूळ तबकडीचा क्रमांक कळल्यास तो, घेतल्याची तारीख, दुकान, आणि ठशाचीं पहिलीं आठ अक्षरें. शेवटची गोष्ट, प्रत केली एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. ती उघडून पाहावी. विजयादशमीस आपण पोथ्या बाहेर काढून पूजितों, त्यांस ऊन दाखवितों. त्याच दिवशीं डिस्का जोडून ठसे ताडून पाहण्याचा परिपाठ आम्हीं घरांत घातला आहे. पांचसहा वर्षांनीं साधन जुनें झालें कीं सर्व संग्रह नव्या साधनावर उतरवावा. ताडपत्र जळालें तेव्हां तांबें आलें. तांबें येईपर्यंत थांबूं नये, एवढाच त्या कुरूदच्या पटाचा उपदेश.

न मिळालेल्या सात गाण्यांविषयीं एक शब्द. त्यांपैकीं तिघांचे पाठभेद आम्हांजवळ आहेत, चौघांचें कांहींच नाहीं. संपादक जसा गळालेल्या अक्षरांची जागा रिकामी सोडतो व तेथें स्वतःचें अक्षर भरीत नाहीं, तसें आम्हीं यादींत त्यांच्या ओळी कायम ठेवून ठशाचें घर कोरें राखलें आहे. पाठभेदांची नोंद निराळ्या ओळींत केली आहे, जुन्या ओळींत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं मोडलेल्या दुकानांतून पूर्वीं गाणीं घेतलीं असतील त्यांनीं आपले जुने मोबाइल व पडून राहिलेल्या डिस्का टाकून देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या, अशी आमची विनंती आहे. आमचीं ३८ गाणीं तशाच एका कपाटांत होतीं.